वाढवलेली बाल्कनी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगून गेली. घर विकून पाहावं असं मात्र कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हेमलताबाईंनी मनाची थोडी तयारी ठेवली असती.

नोएडातल्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. श्रीरंगराव केंद्र सरकारच्या नोकरीत. उमेदीची वर्षं सरकारी क्वार्टरात गेली आणि निवृत्तीच्या तोंडावर हे स्वतःचं घर झालं. तेव्हा गुडघे धड होते. तिसरा मजला म्हणजे हवेशीर, असं जो तो म्हणे. लिफ्ट नाही हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. तरुण माणसाच्या ध्यानात म्हातारपण कुठे येतं, तसंच ते.

मग एके दिवशी श्रीरंगराव न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांना वर आणून ठेवलं ते ठेवलंच. वॉकर धरून ते घरभर हिंडत. स्वतःचा चहा स्वतः करून घेत, वर बायकोच्या चहाला नावं ठेवत. जिना मात्र पायांना मान्य नव्हता. केतन, त्यांचा मुलगा, गुरुग्रामहून आला की म्हणे, "बाबा, खुर्चीत बसवून खाली नेतो, थोडं ऊन खाऊन या." ते नको म्हणत. का नको, ते सांगत नसत.

"मला इथे काय कमी आहे?" एवढंच म्हणत.

कमी काय आहे ते हेमलताबाईंना दिसत होतं. पुढच्या बाल्कनीत बसून ते खालच्या जगाचे आवाज ऐकत. भाजीवाल्याची हाक ऐकून त्याचा घसा बसलाय हे सांगत. "शर्माजींनी काठी बदलली वाटतं," असं एकदा म्हणाले, आणि खरंच बदलली होती. नुसत्या टकटकीवरून ओळखलं. एका सकाळी त्यांनी दोरीने टोपली खाली सोडली, भाजीवाल्याने पालक आणि मुळे भरले, टोपली वर आली. हेमलताबाईंनी भाजी काढून घेतली तरी ते रिकाम्या टोपलीची दोरी मुठीत धरून खाली बघत बसले होते. चहा निवला तरी दोरी सुटली नाही. त्याच दुपारी हेमलताबाईंनी केतनला फोन केला, "घर विकायचं बघ. तुझ्या सोसायटीत लिफ्ट आहे ना, तिथेच बघ आमच्यासाठी काहीतरी. यांना जमिनीवर पाय ठेवू दे."

केतनने आपल्या समोरच्याच टॉवरमध्ये दोन खोल्या बघून ठेवल्या. हे विकलं की त्या घ्यायच्या. पण हे विकलं जाईना. लोक येत, जिना चढून धापा टाकत, भिंती बघत आणि "बताते हैं" म्हणून निघून जात. दिल्लीकडे इतकी वर्षं काढल्यावर "बताते हैं" म्हणजे काय, हे हेमलताबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा केतनने रुचिराला आणलं. पुण्याची मुलगी, त्याच्या ऑफिसातल्या कोणाची तरी बहीण. विकायचं घर सजवून, नीटनेटकं करून लोकांपुढे उभं करायचं, हाच तिचा व्यवसाय.

"म्हणजे घराचे कांदेपोहे," श्रीरंगराव म्हणाले.

"अगदी तसंच, काका," रुचिरा हसली. "फक्त इथे मुलगी पोहे करत नाही. उलट पोह्यांचा वाससुद्धा यायला नको."

तिने घरभर एक फेरी मारली. पोरगी चलाख होती, पण उर्मट नव्हती. कुठलीही वस्तू उचलायच्या आधी विचारी. "काकू, हे कालनिर्णय काढू?" "काकू, या टीव्हीवरच्या रुमालाचं काय करू या?" रुमाल हेमलताबाईंनी स्वतः विणलेला होता. त्यांनीच तो ओढून काढला आणि घडी घातली. "काढ बाई, सगळं काढ. देव तेवढे मी काढते."

श्रीरंगरावांना वाटलं होतं की बायको अडून बसेल आणि मग आपल्याला तिची समजूत घालावी लागेल. झालं उलटंच. ती पदर खोचून मुलीच्या पुढे धावत होती. शोकेसमधल्या बाहुल्या, केतनची शाळेतली ढाल, प्लॅस्टिकची फुलं, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं दिवाणाच्या पोटात आणि समोरच्या नायर बाईंच्या घरी गेलं.

"घेणाऱ्याला तुमचं घर दिसायला नको, काकू," रुचिरा सांगत होती. "त्याला स्वतःचं दिसायला हवं."

"मग त्याने स्वतःचं घेऊनच यावं की," खुर्चीतून आवाज आला.

"तुम्ही गप्प बसा हो," हेमलताबाई म्हणाल्या. "पोर एवढी राबतेय."

रुचिराने फिक्या रंगाच्या उशा आणल्या. एक क्रीम रंगाची हातांची खुर्ची आणली, तिच्यावर कोणी बसायचं नाही. काचेचा मोठा वाडगा आणला आणि त्यात पिवळीधमक लिंबं रचली, त्यांना कोणी हात लावायचा नाही. श्रीरंगरावांनी बराच वेळ ती लिंबं न बघितल्यासारखी बघितली. "बसायची नाही ती खुर्ची आणि पिळायचं नाही ते लिंबू," ते म्हणाले. "विकत घेणाऱ्याला जेवायला तरी घालणार आहात की ताटाचं चित्रच दाखवणार?"

आता इथे हेमलताबाईंच्या बोलण्याची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं.

त्यांच्या घरात कधी काही संपत नसे. संपलं हा शब्द त्यांच्या आईने तोंडातून काढू दिला नव्हता. तेल वाढलं, मीठ वाढलं, तांदूळ वाढले. बांगडी फुटत नसे, वाढत असे. देवापुढचा दिवा कोणी विझवत नसे, वाढवत असे. भरल्या घरात नाहीचा सूर लावू नये, एवढाच त्यातला अर्थ. केतन लहान असताना एकदा त्यांनी त्याला वाण्याकडे पिटाळलं होतं, "साखर वाढलीय म्हणावं, दे." पोराने जाऊन सांगितलं, "मम्मी ने बोला है, चीनी बढ़ गई है." वाणी म्हणाला, "तो बेटा, वापस ले आ." ती गोष्ट घरात पुष्कळ वर्षं हसण्यावारी निघाली. मग केतन मोठा झाला, दिवसभर ऑफिसात इंग्रजी आणि घरी मुलांशी हिंदी, आणि आईचे असले शब्द दुधाच्या दातांसारखे एकेक करून पडून गेले. पडले हे त्याला कळलंही नाही.

तर मागची बाल्कनी. तिला काचा लावून हेमलताबाईंनी तिथे आपला कारखाना मांडला होता. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. दगडफूल आणि नागकेसर त्या खारी बावलीतून स्वतः निवडून आणत. दिल्लीतल्या मराठी घरांमध्ये त्यांच्या मसाल्याला मान होता. पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या बाया सुट्टीत एकदम सगळ्यांचा मिळून माल नेत. घरात त्या बाल्कनीला सगळे "दुकान" म्हणत.

रुचिराने तिथे पाऊल टाकलं आणि ती शिंकायलाच लागली.

"काकू, बाकी सगळं जमेल, पण हा वास," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि जागा किती लहान वाटतेय. मधली भिंत काढून बाल्कनी वाढवता येईल का ते गवंड्याला विचारते. केतनच्याही कानावर घातलंय."

गवंडी आला, त्याने भिंतीवर टिचक्या मारल्या आणि यात बीम आहे, हात लावायचा नाही, असं सांगून चहा पिऊन गेला. हे केतनला कळवायचं राहून गेलं. रुचिराला वाटलं काकू सांगतील, काकूंना वाटलं रुचिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलताबाईंनी आपलं दुकान आवरलं. कोणी सांगितलं म्हणून नाही. उरलेला मसाला पुड्या बांधून शेजारीपाजारी दिला. डबे घासून पालथे घातले. मसाल्याचं छोटं यंत्र पुसलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. श्रीरंगराव वॉकर धरून दारात उभे होते.

"वाईट वाटतंय का गं?"

"वाटायचं काय त्यात. हात दुखतात आता." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पहिला घाणा तुम्ही करपवला होता."

"मी नाही. गॅसने."

"गॅसने एकट्याने नाही करपवला. तुम्ही पेपर वाचत ढवळत होतात."

तेवढ्यात केतनचा फोन आला.

"आई, मीटिंगला चाललोय, पटकन सांग. मागच्या बाल्कनीचं काय झालं?"

"वाढवलं रे. आत्ताच वाढवलं."

"वाढवली? एवढ्या लवकर?"

"मग किती वेळ लागतो त्याला? हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, झालं."

"अरे वा, पूजापण केलीस. आणि सोसायटीची परवानगी वगैरे?"

"परवानगी कसली त्यात? माझं मीच ठरवलं."

"बरं, ते मी बघतो नंतर. जागा मोठी झाली ना पण?"

"चांगली मोठी झाली. मोकळी मोकळी वाटतेय."

"ग्रेट. चोप्राला सांगतो." चोप्रा म्हणजे त्यांचा दलाल.

फोन ठेवल्यावर हेमलताबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पोराला किती कौतुक वाटलं बघा. मला वाटलं होतं हसेल." नोएडात घर वाढवणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. बाल्कनीची खोली करायची, खोलीची दीड खोली करायची, हा इथला घरोघरचा उद्योग. ज्याचं घर वाढवलेलं त्याच्या घराला जास्त मागणी. चोप्राने संध्याकाळपर्यंत सगळीकडे कळवून टाकलं की मागून बढ़ाया हुआ घर आहे, रविवारी या.

शनिवारी रुचिराने शेवटचा हात फिरवला आणि मग बोटांशी चाळा करत उभी राहिली. "काकू, एक विचारायचं होतं. रागावू नका."

"बोल ना."

"उद्या लोक येतील तेव्हा वॉकर कुठेतरी आत ठेवू या. आणि," ती श्रीरंगरावांकडे न बघता म्हणाली, "काकांना बघितलं की लोकांच्या मनात पहिला विचार जिन्याचाच येतो."

हेमलताबाईंना मुलीचं म्हणणं पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. त्या नवऱ्याकडे बघायला धजेनात.

"बरोबर आहे तिचं," श्रीरंगराव म्हणाले. "जुना माल पुढे मांडू नये. मला नायरांकडे पाठवा."

"नायर गुरुवायूरला गेलेत."

"मग दिवाणात जागा आहे का बघा."

शेवटी ठरलं की त्यांनी मागच्या बाल्कनीत बसायचं. ती आता रिकामी होती, काचेतून ऊनही यायचं. दार लोटून घ्यायचं, मफलर गुंडाळायचा, पेपर वाचायचा. मागची बाल्कनी बघायला कोण जातंय.

रविवारी चोप्रा पहिलं गिऱ्हाईक घेऊन आला. तरुण नवराबायको होती. केतन सकाळीच येऊन बसला होता. रुचिराने पडदे सारखे केले, लिंबांचा वाडगा उन्हात सरकवला. पण चोप्राने पुढच्या खोलीकडे बघितलंसुद्धा नाही. "आइए, पहले पीछे चलिए. असली चीज़ वही है." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने मागचं दार उघडलं.

आत श्रीरंगराव. मांडीवर पेपर, डोक्याला मफलर, हातात अर्धं कापलेलं लिंबू. ते मिठाला लावून चोखत होते.

तरुणी दचकून मागे सरकली. तिच्या नवऱ्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "अंकल, जो बढ़ाया है, वो किधर है?"

"बेटा, बढ़ा तो सब मेरे अंदर है," श्रीरंगराव म्हणाले. "उम्र, शुगर और पेट. घर उतना ही है."

नवऱ्याने भिंत ठोकून बघितली, काचेतून बाहेर वाकून बघितलं. मग दोघं पुढच्या खोलीत आली, न बसायच्या खुर्चीकडे बघत उभी राहिली आणि "बताते हैं" म्हणून जिना उतरून गेली. चोप्रा तोंड वाकडं करून त्यांच्यामागे गेला.

रुचिराने केतनला स्वयंपाकघरात ओढलं. "हे बढ़ाया बढ़ाया काय चाललंय?"

"म्हणजे? तूच करून घेतलंस ना ते?"

"मी? गवंड्याने पहिल्याच दिवशी नाही सांगितलं. बीम आहे."

"पण आई म्हणाली वाढवली."

दोघांनी हेमलताबाईंकडे बघितलं. त्या हातातलं फडकं पिळत होत्या. "अरे, मी दुकान वाढवलं म्हटलं."

"तेच ना. वाढवलं."

"तेच नाही रे. वाढवलं म्हणजे..." एवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात एक वयस्क गृहस्थ होते. अंगात स्वेटर, श्वास लागलेला, हात चौकटीवर. बरोबर चाळिशीची मुलगी. चोप्राने खालूनच फोनवर ओळख कळवली होती. हे खुरानाजी, पहाडगंजात त्यांचं शिड्या आणि लोखंडी कपाटांचं जुनं दुकान. मुलगी नीरजा, नोएडातल्या कुठल्या तरी चॅनेलात नोकरीला. रोज पहाडगंजाहून येऊन जाऊन कंटाळलेली.

"घर मुझे लेना है," नीरजाने आल्या आल्या सांगितलं. "पापा को सिर्फ कमी-नुक्स निकालने लाई हूँ. इसमें इनका हाथ कोई नहीं पकड़ सकता."

"वो जो पीछे बढ़ाया है, पहले वही दिखा दो," खुरानाजी म्हणाले.

हेमलताबाई पुढे झाल्या. केतन काहीतरी सावरून घेईल, रुचिरा काहीतरी गोड बोलेल, हे त्यांना दिसत होतं. पण आलेला माणूस जिना चढून दमला होता. त्याला खोट्या आशेवर घरभर फिरवणं त्यांना जमेना. "भाईसाहब, पीछे कुछ नहीं बढ़ाया है. सुनने में गलती हो गई. वहाँ मेरी मसालों की दुकान थी, तो मैंने बेटे से कहा कि दुकान बढ़ा दी, और वो..."

खुरानाजींनी हात जोडले. "कितने साल चलाई, बहनजी?"

हेमलताबाई बघतच राहिल्या. "केतन शाळेत होता तेव्हापासून, आधी क्वार्टरात, मग इथे," त्या मराठीतच बोलून गेल्या. मग सावरून हिंदीत सांगितलं.

केतन कधी आईकडे, कधी पाहुण्याकडे बघत होता. खुरानाजी त्याला म्हणाले, "बेटा, हमारे पहाडगंज में पुराने लोग शाम को दुकान बंद नहीं करते, बढ़ाते हैं. बंद तो दुश्मन की हो. तुम्हारी माताजी ने ठीक बोला, सुनने वाला ही कच्चा निकला."

"आमची आजी नारळ वाढवायची," रुचिरा हळूच म्हणाली. "फोडायची नाही. मला तेवढंच माहीत होतं."

"चला, एक तरी पास झालं," हेमलताबाई म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष मागच्या दाराकडे होतं. कारण खुरानाजी तिकडेच निघाले होते. दुकान बघायचं म्हणत होते.

दोन म्हातारी माणसं एकमेकांसमोर आली. श्रीरंगरावांनी लिंबू पेपराखाली दडवलं. खुरानाजींनी पालथा डबा ओढला आणि त्यावर बसले.

"आपको यहाँ क्यों बैठाया है?"

"छुपाया है," श्रीरंगराव म्हणाले. "मुझे देखकर लोग पूछते हैं कि नीचे कैसे उतरते हो. और मैं उतरता नहीं. कूल्हा टूटा, तब से ऊपर ही हूँ. लिफ्ट नहीं है, इसीलिए तो बेच रहे हैं."

हेमलताबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, झालं, गेलं. इतके दिवस राबून, देव काढून, दुकान आवरून जे झाकलं ते या माणसाने एका दमात सांगून टाकलं. आता हेही "बताते हैं" म्हणतील आणि पुढचा हिवाळाही हा माणूस दोरी धरून बाल्कनीत बसेल. डोळ्यांत पाणी येईल म्हणून त्यांनी रागावायचं ठरवलं. पण रागही येईना.

नीरजा बापाच्या मागे येऊन उभी होती. "लो पापा, नुक्स तो इन्होंने खुद बता दिया. आपका काम खत्म."

"तू रोज चढ़ेगी?"

"मैं चौथी मंज़िल पर जिम जाती हूँ, पैसे देकर. यहाँ मुफ्त में चढ़ूँगी."

"और मैं?"

"आप धीरे धीरे आना. हर मोड़ पर बैठकर किसी को डाँटना, साँस आ जाएगी."

खुरानाजी बाल्कनीतून खाली बघत राहिले. नीरजा तोवर सगळं घर फिरून आली. उशांकडे, लिंबांकडे तिने ढुंकून बघितलं नाही. नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून मिटून बघितल्या, पुढच्या बाल्कनीत थोडा वेळ नुसती उभी राहिली. परत आली ती केतनकडे वळून म्हणाली, "मुझे पसंद है. चोप्राजी को ऊपर बुला लीजिए, बात कर लेते हैं."

हेमलताबाईंनी भिंतीचा आधार घेतला. रुचिराने त्यांचा हात धरला.

खुरानाजी श्रीरंगरावांना म्हणाले, "बात बच्चे करेंगे. आप नीचे चलिए मेरे साथ, धूप अच्छी है. यहीं पास में माल पहुँचाने आए थे, टेम्पो नीचे खड़ा है. मेरे दो पल्लेदार हैं, तिजोरी लेकर सीढ़ियाँ उतर जाते हैं."

"नहीं, नहीं."

"क्यों नहीं?"

श्रीरंगरावांनी बायकोकडे बघितलं, मग नजर वळवली. "भाईसाहब, आदमी चार लोगों के हाथों एक ही बार उतरता है. मैं वो रास्ता पहले से देखना नहीं चाहता."

"काय हे अभद्र बोलणं," हेमलताबाई म्हणाल्या. इतके महिने जे उत्तर मिळालं नव्हतं ते हे होतं तर. केतन आज उचलून नेतो म्हणे, उद्या नेतो म्हणे, आणि हा माणूस मनात असलं काही घेऊन बसला होता.

खुरानाजी मात्र हसले. "चार कहाँ से लाऊँ? दो ही हैं. चार पूरे ही नहीं होते. और वो लोग लिटाकर ले जाते हैं, मेरे वाले बैठाकर ले जाएँगे. आप रास्ते भर बोलते रहना, तो किसी को शक नहीं होगा."

श्रीरंगराव हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी खालच्या अंगणाकडे बघितलं. मग म्हणाले, "कुर्सी कौन सी?"

घरातल्या लाकडी खुर्च्या जड होत्या. रुचिरा पुढच्या खोलीत गेली आणि क्रीम रंगाची ती खुर्ची उचलून घेऊन आली. "ही न्या. हलकी आहे आणि हात मजबूत आहेत." तिने वरची उशी काढली नाही.

पल्लेदार, म्हणजे खुरानाजींचे हमाल, वर आले. दोघे मजबूत, मितभाषी. एकाने पुढून, एकाने मागून खुर्ची धरली. केतन पुढे, खुरानाजी मागे, आणि मधोमध श्रीरंगराव मफलर सारखा करत. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्यांचा आवाज वर ऐकू येत होता. "अरे, ये दीवार कब रंगवाई?" "ये किसकी साइकिल है, हटाओ." "भाई, ज़रा रुको, ये तुलसी किसने रखी है यहाँ?" हेमलताबाई वरच्या कठड्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. आवाज लहान लहान होत गेला आणि मग उन्हात मिसळला.

थोड्या वेळाने त्या पुढच्या बाल्कनीत आल्या. खाली खुर्ची भाजीच्या गाडीशेजारी ठेवली होती. शर्माजी काठी टेकत आले होते, आणखी कोणी कोणी जमलं होतं. श्रीरंगराव कोणाला तरी भेंडीचं शेपूट मोडून दाखवत होते. पायांत त्यांनी चपला घातल्या नव्हत्या. घाईत वरच राहिल्या होत्या. त्यांचे दोन्ही तळवे धुळीत टेकलेले होते, आणि ते बोटं हलवत होते.

केतन वर परतला आणि आत बोलणी झाली. चोप्राच्या चेहऱ्यावर तेज आलं. नीरजाने हेमलताबाईंच्या हाताला हात लावला, खुरानाजींनी खालूनच नमस्कार केला आणि टेम्पो निघून गेला. पल्लेदारही त्यातच गेले. टेम्पो फाटकाबाहेर वळल्यावर केतनने कपाळावर हात मारला.

"आई, बाबांना आता वर कोण आणणार?"

उतरायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. चढायचं कोणी ठरवलंच नव्हतं. केतन वॉचमनला शोधायला गेला, रुचिरा कोणाकोणाला फोन करू लागली. हेमलताबाई चपला आणि स्वेटर घेऊन खाली उतरल्या. मधे दोनदा थांबल्या, कारण त्यांचेही गुडघे आता पूर्वीचे राहिले नव्हते.

"चला, घाला या," त्यांनी चपला पुढ्यात ठेवल्या. "केतन माणसं बघतोय तुम्हाला वर न्यायला."

"कशाला?" श्रीरंगराव म्हणाले. त्यांनी मटार विकत घेतले होते आणि मांडीवर घेऊन शेंगा सोलत होते. "त्याची गाडी इथेच उभी आहे. मी सरळ गुरुग्रामला जातो त्याच्याबरोबर. चार दिवस नातवंडांना त्रास देईन. तू मागाहून आवरून ये."

"असं कसं? कपडे, औषधं..."

"तू आण की. नाहीतरी तू माझ्या हाताने काही भरू देत नाहीस."

हेमलताबाईंनी स्वेटर त्यांच्या खांद्यांवर टाकला. मग त्यांच्या ध्यानात आलं की हा माणूस आता त्या जिन्याने पुन्हा वर जाणार नाही. सकाळी लिंबू चोखत बसला होता तेवढंच, तेच घरातलं शेवटचं बसणं. त्याने मागे वळून बघितलंही नव्हतं, देवाच्या कोनाड्याला हात जोडले नव्हते, काहीच नाही. त्या सांगणार होत्या. पण त्यांनी त्याच्याकडे बघितलं. उन्हाने त्याचे कान लाल झाले होते आणि तो भाजीवाल्याला घशासाठी ज्येष्ठमध घे म्हणून बजावत होता.

त्यांनी शेजारच्या ओट्यावर बूड टेकलं आणि पदर पसरला.

"इकडे द्या अर्ध्या शेंगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही सोलता कमी आणि खाता जास्त."

"गोड आहेत गं," श्रीरंगराव म्हणाले आणि सोललेले दाणे तिच्या तळहातावर ठेवले. "तू पण खा. केतन यायला वेळ आहे."